वऱ्हाडातील सामायिक घरे आणि मंदावलेले वाय-फाय

अमरावती आणि अकोला ही वऱ्हाडातील दोन मोठी शहरे गेल्या साठ वर्षांत शिक्षणाची केंद्रे म्हणून वाढत गेली आणि त्या वाढीबरोबर तेथील राहत्या घरांचा वापरही बदलत गेला. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ साली, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ साली, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ साली आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ साली सुरू झाले. वसतिगृहांत न मावणारे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण आणि शिकवणी वर्गांसाठी बुलढाणा-वाशीमकडून अकोल्यात येणारी मुले यांना आसपासच्या वस्त्यांतील घरमालकांनी वरचा मजला, मागच्या खोल्या किंवा अंगणात टिनाचे छप्पर घालून उभारलेल्या खोल्या भाड्याने दिल्या. २०२० साली वर्ग घरी आले आणि फेब्रुवारी २०२१मध्ये अमरावती व अचलपूर या शहरांत पुन्हा टाळेबंदी लागू झाली, तेव्हा एकाच छपराखालच्या पाच-सहा जणांनी एकाच वेळी व्हिडिओवर बसण्याची गरज नित्याची झाली. आज अशा घरात मालकाचे कुटुंब आणि दोन-तीन खोल्यांतील भाडेकरू मिळून इंटरनेटची एकच जोडणी वापरतात, महिन्याचे बिल वाटून घेतात, आणि रात्री नऊनंतर नेट चालत नाही ही तक्रारही वाटूनच घेतात.

या तक्रारीवर बहुतेक घरांत अधिक वेगाची, म्हणजे अधिक पैशांची योजना घेण्याचा उपाय केला जातो आणि बहुतेक वेळा तो पैसा वाया जातो. इंटरनेट घरात येऊन मोबाइलपर्यंत पोहोचते तेव्हा त्याचा प्रवास दोन टप्प्यांत होतो: पहिला टप्पा विजेच्या खांबावरून किंवा गच्चीवरून आलेल्या फायबर केबलचा, म्हणजे काचेच्या बारीक तंतूतून प्रकाशाच्या रूपाने माहिती वाहून आणणाऱ्या तारेचा; आणि दुसरा टप्पा घरातल्या राउटरपासून, म्हणजे ती माहिती रेडिओलहरींत बदलून घरभर पसरवणाऱ्या डब्यापासून, हातातल्या उपकरणापर्यंतचा, जो पूर्णपणे हवेतून होतो. कंपनीला दिलेल्या पैशांनी केवळ पहिला टप्पा रुंद होतो. सामायिक घरातील अडचण बहुधा दुसऱ्या टप्प्यात असते आणि तो टप्पा घराची बांधणी, डब्याची जागा आणि राहणाऱ्यांची वागणूक यांवर अवलंबून असतो.

मुळात किती वेग लागतो, हे आधी समजून घेणे उपयोगाचे आहे. भारतात ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यासाठीचा किमान वेग २००४च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट होता, २०१३मध्ये तो ५१२ किलोबिट झाला आणि २०२३मध्ये २ मेगाबिट करण्यात आला. शहरांतील फायबरच्या योजना मात्र ३०, ५० किंवा १०० मेगाबिटच्या असतात. येथे एक घोटाळा वारंवार होतो: योजनेचा वेग बिटमध्ये सांगितला जातो, तर फाइलचा आकार बाइटमध्ये मोजतात आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात, त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात आणि त्यात फसवणूक काही नसते. ऑनलाइन वर्गाला साधारण दोन-तीन मेगाबिट आणि स्पष्ट चित्राच्या चित्रपटाला पाचेक मेगाबिट पुरतात, हे लक्षात घेतले तर आठ-दहा जणांच्या घराला ५० मेगाबिटची योजनाही कागदावर पुरेशी ठरते. ती प्रत्यक्षात का पुरत नाही, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्याची पहिली पायरी मोजमापाची आहे. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडावा, इतर सर्वांना पाच मिनिटे वापर थांबवायला सांगावे आणि वेग मोजावा. मग तोच लॅपटॉप तार काढून राउटरच्याच खोलीत ठेवून मोजावा, आणि शेवटी तक्रार असलेल्या खोलीत नेऊन मोजावा. तारेवरच वेग कमी असेल, तर दोष कंपनीच्या बाजूला आहे. तारेवर ठीक आणि त्याच खोलीत हवेतून कमी असेल, तर राउटर जुना आहे किंवा शेजारच्या लहरींची गर्दी आहे. दोन्ही ठीक आणि दूरच्या खोलीत कमी असेल, तर दोष भिंती आणि अंतराचा आहे. हीच मोजणी एकदा सकाळी आणि एकदा रात्री दहाच्या सुमारास करावी, कारण एका फायबरवरची सुमारे अडीच गिगाबिटची क्षमता स्प्लिटर नावाच्या विभाजकातून साधारणतः ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते आणि त्यापुढे स्थानिक ऑपरेटरने घेतलेली क्षमता सगळ्या वस्तीत मिळून वापरली जाते. तारेवरचा वेगही केवळ रात्रीच पडत असेल, तर त्या घरातील कोणताही उपाय चालणार नाही. एवढी साधी चाचणी न करता नवा राउटर विकत घेणारी घरे फार आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळांचा खर्च टळला असता.

हवेच्या टप्प्याचा स्वभाव समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलोहानेट नावाचे जाळे सुरू केले, ज्यात वेगवेगळ्या बेटांवरील संगणक यंत्रे एकाच रेडिओवाहिनीवरून मुख्य संगणकाशी बोलत आणि दोघांचे संदेश एकमेकांवर आदळले, तर थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवत. वाय-फायचे पहिले मानक १९९७ साली सेकंदाला २ मेगाबिट वेगाचे आले. त्यानंतर वेग शेकडो पटींनी वाढला, परंतु वाहिनी सामायिक असणे हा मूळ गुण तसाच राहिला. गावच्या बैठकीत जसे एका वेळी एकानेच बोलायचे असते आणि दुसऱ्याचे संपेपर्यंत थांबायचे असते, तसे एका राउटरभोवतीची उपकरणे आधी हवा ऐकतात, कोणी बोलत नसेल तर बोलतात आणि बोलत असेल तर आपली पाळी येईपर्यंत थांबतात. त्यामुळे खोक्यावर लिहिलेला वेग प्रत्येकाला मिळणारा वेग नसतो. तो सर्वांनी मिळून वाटून घ्यायचा असतो.

येथेच सामायिक घराला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट दडलेली आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते. राउटरपासून दूर असलेल्या उपकरणापर्यंत लहर क्षीण होऊन पोहोचते, म्हणून त्याच्याशी राउटर सावकाश बोलतो. २००३ साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथील मार्टिन ह्यूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की अशा एका सावकाश उपकरणामुळे जवळच्या वेगवान उपकरणांचा वेगही त्याच्याच पातळीवर खाली येतो. कारण असे, की जुन्या पद्धतीत प्रत्येकाला समान वेळ न देता समान पाळ्या दिल्या जातात. समजा, जवळचा मोबाइल ५४ मेगाबिटने आणि मागच्या खोलीतला ६ मेगाबिटने बोलतो, आणि दोघे आळीपाळीने १२,००० बिटांचे एकेक पुडके घेतात. पहिल्याला त्यासाठी सेकंदाच्या हजाराव्या भागाचा सुमारे पाव हिस्सा लागतो, तर दुसऱ्याला असे दोन पूर्ण हजारावे भाग लागतात. हिशेब केला, तर इतर कोणताही व्यय न धरताही प्रत्येकाच्या वाट्याला साडेपाच मेगाबिटपेक्षा कमीच येते. म्हणजे मागच्या खोलीतल्या विद्यार्थ्याची अडचण ही त्याची एकट्याची नसून राउटरशेजारी बसलेल्या घरमालकाचीही असते. समान वेळ वाटून देणारी सोय नव्या राउटरांत असते, तिने त्रास कमी होतो. परंतु दूरच्या खोलीत चांगली लहर पोहोचवणे हाच खरा उपाय असून त्यात घरातील प्रत्येकाचा लाभ आहे. बिलाचे भांडण करणाऱ्यांनी ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी.

लहर क्षीण का होते, याची वऱ्हाडातील कारणे तेथल्या हवामानाशी आणि घरबांधणीशी निगडित आहेत. जुन्या वस्त्यांतील धाब्याच्या घरांच्या माती-विटांच्या भिंती उन्हाळा सोसण्यासाठी जाड बांधलेल्या असतात, नव्या घरांत नऊ इंची विटांच्या भिंती आणि लोखंडी सळ्यांचा स्लॅब असतो, आणि अंगणातल्या खोल्यांवर टीन असते. लहरीची ताकद डेसिबल या मापाने सांगतात, ज्यात दर ३ एककांनी ताकद निम्मी होते. मोबाइलवरील मोफत ॲपमध्ये ती उणे आकड्यात दिसते. उणे ५०च्या आसपास उत्तम, उणे ६७पर्यंत व्हिडिओ नीट चालतो आणि उणे ८०च्या पुढे रडतखडत चालते. विटांची एक भिंत पुष्कळ लहर गिळते, सळ्यांचा स्लॅब त्याहून अधिक, आणि धातू तर लहर परतवूनच लावतो.

या शेवटच्या मुद्द्याचा वऱ्हाडातील उन्हाळ्याशी जवळचा संबंध आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि घराघरांच्या खिडक्यांत पत्र्याचे कूलर बसतात. भिंतीच्या तुलनेत खिडकी हीच लहरीला सोपी वाट असते आणि तीच वाट चार महिने पत्रा व पाण्याने बंद होते. पत्रा लहर परतवतो आणि पाणी ती शोषून घेते. नळाचे पाणी रोज येत नाही म्हणून भरून ठेवलेले ड्रम, गोदरेजची कपाटे, मोठे आरसे आणि लोखंडी दारे यांचाही परिणाम असाच होतो. याशिवाय, घरगुती राउटर साधारणतः ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. टिनाखालच्या खोलीत, स्लॅबला लागून उंच ठोकलेल्या किंवा कपाटात बंद केलेल्या डब्याभोवतीची हवा उन्हाळ्याच्या दुपारी त्याहून तापते आणि डबा मंदावतो किंवा आपोआप बंद-चालू होत राहतो. म्हणून डबा घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या हवेत आणि कूलर व कपाटापासून दूर ठेवावा. फायबरची तार पुढच्या ओसरीतून आत येते म्हणून डबाही तेथेच ठोकून मोकळे होण्याची जोडणी करणाऱ्यांना सवय असते. जोडणीच्या दिवशीच चार-पाच मीटर जास्त तार मागून घेतली, तर पुढचा बराच त्रास वाचतो. वीज गेल्यावर कंपनीचा फायबरचा डबा आणि राउटर हे दोन्ही चालू राहावे लागतात, हेही इन्व्हर्टरची जोडणी करताना अनेकदा विसरले जाते.

लहरीची वारंवारता, म्हणजे ती सेकंदाला किती वेळा कंप पावते तो आकडा, हा पुढचा विषय. बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. वारंवारता जितकी कमी, तितकी तरंगलांबी जास्त आणि अडथळ्यांतून पुढे जाण्याची क्षमता अधिक. अमरावती जिल्ह्यातच याचे मोठे उदाहरण आहे. मेळघाटातील धारणी तालुक्याच्या हरिसाल या गावाला राज्य शासनाने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने ‘डिजिटल गाव’ करण्याचे ठरवले, तेव्हा तेथे दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींवरून, म्हणजे ‘व्हाइट स्पेस’ तंत्राने, इंटरनेट नेण्याचा प्रयोग झाला. या लहरींची तरंगलांबी अर्ध्या मीटरच्या आसपास असल्याने डोंगर आणि दाट झाडीतून त्या वाय-फायपेक्षा पुष्कळ दूर जातात. हरिसालच्या यशाविषयी २०१९च्या निवडणुकीत जोरदार वाद झाला, परंतु लहरीच्या निवडीमागचे भौतिकशास्त्र निर्विवाद होते.

घरात तोच नियम लहान प्रमाणात लागू होतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांबीची असून ती दोन भिंतींपलीकडे पोहोचते, पण तिच्या पट्ट्यात जागा फार कमी आहे: भारतात तिचे १३ चॅनेल वापरता येतात, तरी एकमेकांत न मिसळणारे १, ६ आणि ११ असे तीनच, शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी हीदेखील तेथेच असतात. भाड्याच्या खोल्यांची दाटी असलेल्या गल्लीत वीस-पंचवीस राउटर याच तीन चॅनेलवर एकमेकांची पाळी पाहत थांबतात. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ जागा २०१८ साली केंद्र शासनाने परवान्याविना खुली केली; तेथे गर्दी कमी आणि वेग जास्त मिळतो, मात्र एका भिंतीपलीकडे ती लहर लवकर थकते. यावरून वाटणी ठरवता येते: राउटरच्या खोलीतील टीव्ही, लॅपटॉप आणि नवे मोबाइल ५वर, दूरच्या खोल्यांतील उपकरणे व कॅमेरे २.४वर, २.४चा चॅनेल शेजाऱ्यांचे पाहून १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा निवडावा आणि त्याची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ४० ठेवल्याने वेग दुप्पट होईल, असे राउटरचा पर्याय सुचवतो. दाट वस्तीत त्यामुळे सगळ्यांचाच वेग घटतो.

वरच्या मजल्यावर किंवा मागच्या खोल्यांत लहर पोहोचतच नसेल, तर दुकानदार रिपीटर सुचवतो, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा आणि लहर पुढे ढकलणारा लहान डबा. तो स्वस्त आहे, परंतु ज्या हवेतून तो ऐकतो त्याच हवेतून त्याला पुन्हा बोलावे लागते. प्रत्येक पुडके हवेत दोनदा जाते आणि त्याच्यामागचा वेग निम्म्यावर येतो. त्याला जिन्याच्या वरच्या टोकाशी, जेथे लहर आधीच क्षीण आहे तेथे लावले, तर तोच घरातील सर्वांत सावकाश उपकरण होऊन बसतो. अनेक डब्यांचे मेश नावाचे महाग संचही तारेविना जोडले, तर कमीअधिक प्रमाणात याच मर्यादेत अडकतात. सामायिक घरासाठी खरा टिकाऊ उपाय एकच आहे: खालच्या राउटरपासून जिन्याच्या कडेने किंवा बाहेरच्या भिंतीवरून एक लॅन केबल वर न्यावी आणि तिच्या टोकाला दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे स्वतंत्र जाळे न उभारता केवळ लहर पसरवण्यासाठी, लावावा. कॅट-५ई किंवा कॅट-६ प्रतीची तार १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट नेते. जोडणारा आठांपैकी चारच तारा जोडून देत असेल, तर ती १०० मेगाबिटवर थांबते, म्हणून आठही जोडल्याची खात्री करावी. घरात पडून असलेला जुना राउटरही या कामाला चालतो. त्याचे पत्ते वाटण्याचे काम, ज्याला सेटिंगमध्ये डीएचसीपी म्हणतात, ते बंद करावे आणि त्याचा चॅनेल खालच्यापेक्षा वेगळा ठेवावा. तारेचा हा उपाय जुनाट वाटतो म्हणून टाळला जातो, आणि हे खेदाचे आहे, कारण हवेवरचा भार कमी करणारी दुसरी कोणतीही वस्तू इतकी स्वस्त नाही.

वेग पुरेसा असूनही बोलणे तुटते, असा अनुभव येणाऱ्या घरांत दोष बहुधा रांगेचा असतो. राउटरमध्ये येणारी पुडकी क्षणभर साठवण्याची जागा असते, तिला बफर म्हणतात. रात्री एखाद्याच्या मोबाइलवरून दिवसभराचे फोटो वर चढू लागले किंवा कॅमेरे चित्रण पाठवत राहिले, की ही जागा भरते आणि व्हिडिओ वर्गाची लहान पुडकी त्या लांब रांगेच्या शेवटी उभी राहतात. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास या रोगाकडे जगाचे लक्ष वेधले आणि २०१२ साली कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवणारी पद्धत मांडली, जी आता अनेक राउटरांत क्यूओएस किंवा तत्सम नावाच्या पर्यायाखाली मिळते. तेथे जोडणीच्या मोजलेल्या वेगाच्या सुमारे ८५ ते ९० टक्के मर्यादा घातली, की रांग कंपनीच्या यंत्रात न साचता घरच्या राउटरच्या ताब्यात राहते आणि थोडा वेग सोडून बोलणे सलग होते. ही सोय नसेल, तर फोटो आणि ॲपचे अपडेट मध्यरात्रीनंतर चालवण्याचा करार घरातल्यांनी आपसांत करावा. परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या वेळी दुसऱ्याने तासभर मोठी फाइल उतरवू नये, एवढी समज ज्या घरात आहे, तेथे महागडे यंत्र लागत नाही.

महिन्याच्या शेवटीच वेग पडत असेल, तर योजनेतील वापरमर्यादा तपासावी; ‘अमर्याद’ म्हटल्या जाणाऱ्या अनेक योजनांत ठरावीक वापरानंतर वेग उतरवला जातो आणि ती मर्यादा एका कुटुंबाच्या हिशेबाने ठेवलेली असते. गेल्या वर्षीच्या भाडेकरूंकडे आणि शेजारच्या घरात पासवर्ड राहून गेला असण्याची शक्यताही मोठी असते, म्हणून भाडेकरू बदलला की पासवर्ड बदलावा. जोडणी एकाच्याच ओळखपत्रावर असते आणि तिच्यावरून झालेल्या गैरप्रकाराची विचारणा आधी त्याच्याचकडे येते, हे घरमालकाने विसरू नये. भाडेकरूंसाठी राउटरमधील पाहुण्यांचे वेगळे जाळे वापरणे दोघांच्याही हिताचे आहे. तारेवरच्या मोजणीत दोष कंपनीकडे सिद्ध झाला, तर तोंडी तक्रारीवर थांबू नये: दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे विनाशुल्क दाद मागता येते. मोजणीचे दिनांक-वेळेसह घेतलेले स्क्रीनशॉट अशा वेळी कामी येतात.

अमरावती आणि अकोल्यात आजही भाड्याच्या खोल्यांसह नवी घरे बांधली जात आहेत. त्या घरमालकांनी विजेच्या नळ्या भिंतीत घालताना प्रत्येक मजल्यासाठी आणि प्रत्येक भाड्याच्या खोलीसाठी एक रिकामी प्लॅस्टिकची नळी वेगळी टाकून ठेवावी, जेणेकरून पुढे कधीही भिंत न फोडता तार ओढून घेता येईल. बांधकामाच्या एकूण खर्चात तिची किंमत नगण्य आहे, आणि त्या खोलीत पुढची वीस-पंचवीस वर्षे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला तिचा उपयोग होणार आहे.